मधमाश्यांची शिदोरी

थंड देशांतील मधमाश्या ऐन हिंवाळ्याच्या गारठ्यानें मरतात, अशी पुष्कळांची समजूत असते. ती सर्वस्वी खरी नाहीं. सारा हिंवाळा निभावून नेलेली वसाहत कित्येकदां वसंताच्या उंबरठ्यावर उपासमारीनें नाश पावते. असें कां घडतें, आणि मधमाश्या पाळणारा तें कसें टाळतो, हें येथें पाहूं. उदाहरणादाखल आम्ही अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांत घेतों. कारण आजच्या पेटीचें मर्म तेथेंच उमगलें.

लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ हे धर्मोपदेशक व शिक्षक होते. सन १८५१ मध्यें फिलाडेल्फिया येथें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, सुमारें एक सेंटिमीटर फट ठेविली तर माश्या ती मेणानें किंवा राळेनें बुजवीत नाहींत. जाण्यायेण्याची वाट म्हणून मोकळी ठेवितात. पेटीच्या भिंती, झांकण व चौकटी यांमध्यें एवढें अंतर राखल्यामुळें पोळें न मोडतां प्रत्येक चौकट उचलून पाहतां येऊं लागली.

आतां पेटीच्या आंत काय चालतें तें पाहूं. हिंवाळ्यांत माश्या झोपीं जात नाहींत. त्या एकमेकींस बिलगून गोळा करितात, मध खातात आणि उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करितात. या दिवसांत खर्च बेताचा असतो. परंतु दिवस मोठा होऊं लागला म्हणजे, बाहेर बर्फ असतांच, राणी पुन्हां अंडीं घालूं लागते. अळ्यांभोंवतीं सुमारें ३५ अंश सेंटिग्रेड ऊब राखावी लागते. मधाचा खर्च झपाट्यानें वाढतो. फुलें तर अद्याप उमललेलीं नसतात. उन्हाळ्यांतील कामकरी माशी सुमारें सहा आठवडे जगते. शरदांत जन्मलेली माशी मात्र कित्येक महिने तग धरिते. अंड्यापासून नवी कामकरी माशी होण्यास २१ दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत जुन्या पिढीनें नव्या पिढीस पोसून उभें करावयाचें असतें. मध्येंच शिदोरी संपली तर दोन्ही पिढ्या एकदम बुडतात.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, पहिली तपासणी पेटी न उघडतांच करावयाची असते. पेटीची मागची बाजू किंचित् उचलावी. वजनावरून मधाचा अंदाज येतो. दाराशीं मेलेल्या माश्यांचा खच असल्यास तो काडीनें दूर करावा. उन्हाच्या वेळीं माश्या पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन परतत असतील तर आंत अळ्या वाढत असाव्यात, असें अनुमान निघतें. हा पहिला पराग लाल मेपल आणि विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीचीं झाडें, यांपासून मिळतो. पेटी हलकी लागल्यास घट्ट साखर माश्यांच्या अगदीं वर ठेवावी. थंडींत पातळ पाक देऊं नये. त्यांतील पाणी आटविणें माश्यांना जड जातें.

वारा पडला असून हवा सुमारें १५ अंशांवर गेली आहे, अशी दुपार साधून मग पेटी उघडावी, आणि तीही थोडा वेळच. नाहींतर अळ्या गारठतात. राणी शोधीत बसण्याची गरज नाहीं. घराच्या तळाशीं एकेक अंडें दिसलें, तर राणी दोनतीन दिवसांपूर्वीं तेथें होती हें सिद्ध होतें. मग मध किती आहे एवढेंच पाहूं नये. तो कोठें आहे हेंही पाहावें. गारठ्यांत गोळा सोडून माशी दूर जाऊं शकत नाहीं. यामुळें कांहीं पेट्यांत मोठें करुण दृश्य दिसतें: रिकाम्या घरांत डोकीं खुपसून माश्या मेलेल्या असतात, आणि वीतभर अंतरावर मधानें भरलेली चौकट तशीच असते! ती चौकट वेळींच जवळ सरकविली असती, तर वसाहत वांचली असती.

आमच्या सह्याद्रींत ही कसोटी हिंवाळ्याअखेर येत नाहीं, पावसाळ्यांत येते. महाबळेश्वराकडे संततधार लागली म्हणजे सातेरी माशीस बाहेर पडतां येत नाहीं, व पाळणाऱ्यास साखरेचा पाक पुरवावा लागतो. ऋतु निराळा, पण नियम एकच. संकट सरत आलें असें वाटूं लागतें, त्याच वेळीं शिदोरी पुन्हां एकदां तपासावी. आणि ती नुसती घरांत असून भागत नाहीं, भुकेल्याच्या हातास लागेल अशी ठेवावी.