बोटीचा पंखा कोणता? आठवीच्या वर्गासाठी एक गणित

जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये बचावाच्या बोटी फिरल्या, हे नात्याच्या मुलांना सांगावं लागत नाही. पाठ तिथूनच सुरू करावा. पेट्रोल इंजिन उघडून नीट बांधलं, तरी बोट पळत का नाही?

पुष्कळदा चूक पंख्याची असते. त्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. पिच १५ इंच म्हणजे एका फेऱ्यात पंखा स्क्रूसारखा १५ इंच पुढे सरकायला हवा. इंजिनाचे मिनिटाला ५,००० फेरे, गिअर २:१, म्हणजे पंख्याचे २,५००. गुणाकार मुलांकडूनच करून घ्या. ताशी सुमारे ५७ किमी येतं. प्रत्यक्षात वेग कमीच, कारण पाणी काही लाकूड नाही, पंखा त्यात घसरतो.

खरी चाचणी माणसांएवढं वजन भरून, पूर्ण थ्रॉटलवर. फेरे कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी पडले तर पिच कमी करा. इंचामागे साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. रिकाम्या बोटीवर निवडलेला पंखा ऐन पुरात, दहा माणसं चढल्यावर, दम टाकतो.

मग गिअरबॉक्स. तेल दुधाळ दिसलं की समजा, सील गेलंय, आत पाणी शिरलंय. न्यूट्रलला पंखा हाताने मोकळा फिरायला हवा. मात्र प्लगच्या वायरी काढल्याशिवाय पंख्याला हात लावायचा नाही, हे मुलांना आधी बजावा.