जिज्ञासा आणि अनुसरण : धर्मानंद कोसंबी यांचा धर्मशोध

धर्माविषयी जिज्ञासा उत्पन्न होणे आणि धर्माचे अनुसरण घडणे या दोन भिन्न अवस्था होत. पहिली श्रवणाने, वाचनाने, क्वचित नुसत्या कुतूहलानेही उत्पन्न होते. दुसरीसाठी मात्र मूल्य द्यावे लागते. या दोहोंतील अंतर ध्यानी येण्यास प्रथम एक दृष्टान्त घेणे उचित होईल.

दृष्टान्त : पनवेलहून पेणकडे जाताना कर्नाळ्याचा सुळका दुरूनच दृष्टीस पडतो. एकास तो अंगठ्यासारखा भासतो, दुसऱ्यास देवळाच्या शिखरासारखा. रस्त्याने जाणारे त्याच्या आकाराविषयी वाद घालतात आणि पुढे निघून जातात. ज्यास गडावर जावयाचे असते तो रस्ता सोडून रानात शिरतो. तेव्हा असे होते की, जो सुळका दुरून स्वच्छ दिसत होता तोच पायथ्याच्या दाट झाडीत दिसेनासा होतो. तेथे भरवसा वाटेचा आणि वाट दाखविणाऱ्याचा. सुळका दिसत नाही म्हणून जो परततो, त्याचे चढणे तेथेच संपते.

दार्ष्टान्तिक : कर्नाळ्याखालून जाणारा हाच मार्ग कोकणातून दक्षिणेस गोमंतकात जातो. तेथील साखवाळ गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म झाला. घर सारस्वत ब्राह्मणाचे. शालेय शिक्षण अल्प. नारळीच्या बागेची देखभाल हे काम. सन १८९७ च्या सुमारास 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्रावरील एक लेख त्यांच्या वाचनात आला. हे मासिक ख्रिस्ती मिशनतर्फे निघत असे. हिंदू घरातील तरुणास ख्रिस्ती मासिकातून बुद्धाचे दर्शन घडावे, ही घटना विलक्षण खरी. परंतु हे दर्शन दुरूनचे होते.

सन १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई व तान्ही कन्या होती. या त्यागाचा भार एकट्या कोसंबींनी वाहिला नाही, तो बाळाबाईंनीही वाहिला, हे विसरणे न्यायाचे होणार नाही. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा आश्रय मिळाला व प्रार्थना समाजाच्या उपासनेचा परिचय झाला. तेथे स्थिर होणे सुखाचे होते. परंतु शोध संपला नव्हता. पुढे काशीस अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. बुद्धाचा धर्म जिवंत पाहावा म्हणून ते १९०२ मध्ये नेपाळात गेले, तो तेथील धर्माची अवस्था पाहून त्यांच्या पदरी निराशाच आली.

दृष्टान्तातील दाट झाडी ती हीच होय. ज्यासाठी घर सोडले तेच दिसेनासे झाले. पुष्कळ जिज्ञासू या ठिकाणाहून परततात व अनुयायांचा दोष धर्माच्या माथी मारतात. कोसंबी परतले नाहीत. बुद्धगयेहून ते सिंहलद्वीपास गेले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी राहून पाली शिकले व श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

सन १९०६ मध्ये भिक्षुवेष उतरवून त्यांनी संसाराचे दायित्व पुन्हा पत्करले. निष्ठा मात्र सोडली नाही. कलकत्त्याची अधिक वेतनाची नोकरी त्यागून सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये त्यांनी स्वीकारले, कारण त्यांस महाराष्ट्रात राहून मराठीत धर्म सांगावयाचा होता. अमेरिकेत हार्वर्ड येथे त्यांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कारावास सोसला. उत्तरायुष्यात पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचे त्यांनी मनन केले आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे आहारत्याग करून देह ठेवला.

येथे एक शंका संभवते. बुद्धमतात परमेश्वराचा स्वीकार नाही. मग परमेश्वरभक्ताने या चरित्राचा विचार का करावा? सिद्धान्तभेद आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. येथे ग्राह्य आहे ती त्यांच्या शोधाची रीत. ज्या शास्त्राविषयी जिज्ञासा झाली त्याची भाषा त्यांनी शिकून घेतली, त्याच्या आचार्यापाशी शिष्य होऊन राहिले आणि जे पटले त्याप्रमाणे आचरण केले. महापंडित म्हाइंभटही वाद जिंकण्याच्या बुद्धीनेच श्रीचक्रधरस्वामींकडे आले होते. त्यांची विद्वत्ता 'लीळाचरित्रा'च्या कामी आली ती अभिमान गळाल्यावर.

जे अनेक धर्मांतून हिंडतात त्यांनी स्वतःस विचारावे की, आपण एखाद्या वाटेने रानात शिरलो, की रस्त्यावर उभे राहून केवळ सुळक्याचा आकारच न्याहाळीत आहो? आणि जे जन्मतःच धर्ममार्गात आहेत, त्यांनी अधिक कठोरपणे विचारावे. गडाच्या पायथ्याशी घर असणे म्हणजे गड चढणे नव्हे. वाडवडिलांकडून वाट कळते. चालावे आपल्याच पायांनी लागते.