शेक संपल्यानंतरचे दिवस



कॅन्सर ‘पसरला’ हा शब्द कानावर पडला की घरातली माणसे एकमेकांच्या नजरेला नजर देत नाहीत. रुग्णाला सांगायचे नाही, असे दाराबाहेर ठरते, आणि रुग्णाला ते न सांगताच कळते. मग कोणीतरी म्हणते, ‘‘आता करण्यासारखे काही उरले नाही, उगाच शेक कशाला देता?’’ आजचा पाठ या एका प्रश्नासाठी आहे.

पसरणे म्हणजे मूळ गाठीतील पेशी दुसऱ्या अवयवात जाऊन तेथे वाढू लागणे. स्तनाचा कॅन्सर हाडात गेला तरी तो स्तनाचाच कॅन्सर असतो. अशा वेळी आजार मुळापासून जाईल, असे डॉक्टर बहुधा सांगत नाहीत. परंतु काही प्रकारांत माणूस औषधांवर अनेक वर्षे जगतो. उपचार संपत नाहीत, त्यांचा हेतू बदलतो. हाडातले दुखणे कमी व्हावे, झोप लागावी, उठून बसता यावे, यासाठीही शेक देतात. तेवढ्यासाठी पुष्कळदा एकच बैठक पुरते. आपल्या जवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किरणोपचार विभाग आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारही येतात. योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन भेटावे.

‘शेक’ हा शब्द मात्र फसवा आहे. त्यात विस्तव नसतो आणि अंगात वीजही सोडत नाहीत. यंत्र बंद झाले की किरणही संपले. बाहेरून यंत्राने किरण घेतलेल्या रुग्णाच्या अंगात काही उरत नाही. त्याने नातवाला खुशाल मांडीवर घ्यावे. कॅन्सर स्पर्शाने किंवा उष्ट्याने लागत नाही, तरीही काही घरांत ताट-वाटी वेगळी होते. सेवाग्राम आश्रमात परचुरे कुटी आहे. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना गांधीजींनी तेथे ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश केली. त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हते. करण्यासारखे मात्र बरेच होते.

आता शेक संपल्यानंतरचे. घरच्यांना वाटते, शेवटची बैठक झाली, आता चार दिवसांत माणूस पूर्वीसारखा होईल. तसे होत नाही. थकवा शेवटच्या बैठकीनंतर एक-दोन आठवडे वाढलेलाही असतो, आणि ओसरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. हा आळस नव्हे. दिवसा थोडी विश्रांती, सकाळ-संध्याकाळ अंगणात चार पावले, एवढे बरे. हाडाचा शेक घेतल्यावर पहिले दोन-तीन दिवस दुखणे उलट वाढू शकते. आराम पडायला दोन ते चार आठवडे लागतात. ही गोष्ट आधी सांगितलेली नसली तर माणूस घाबरतो आणि शेकालाच दोष देतो.

शेक घेतलेली कातडी उन्हाने भाजल्यासारखी होते. सैल सुती कपडे घालावेत, वर्ध्याच्या उन्हात ती जागा झाकावी. गरम पाण्याची पिशवी, बाम, घरगुती लेप काहीही विचारल्याशिवाय लावू नये. तोंडाचा किंवा गळ्याचा शेक झाला असेल तर तिखट बंद. मऊ भात-वरण, ताक, खिचडी द्यावी. खर्रा सुटला पाहिजे हे सांगायला नको, पण सांगावे लागते! पुढे कधीही दात काढायची वेळ आली तर शेक झाल्याचे दाताच्या डॉक्टरांना आधी सांगावे, कारण जबड्याची जखम भरत नाही असे होऊ शकते.

एका गोष्टीत मात्र थांबू नये. पाठीच्या मणक्यात आजार असलेल्याचे पाय अचानक लुळे पडू लागले, बधिर झाले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहण्यात पाय कायमचे जाऊ शकतात.

दुखण्यासाठी डॉक्टर मॉर्फिनच्या गोळ्या देतात, त्यांची उगाच भीती घेऊ नये. दुखण्यासाठी, सांगितलेल्या मापाने घेतल्यास सहसा व्यसन लागत नाही. बद्धकोष्ठता होते, त्याचे औषध सोबत मागून घ्यावे. २०१४ साली कायद्यात बदल होऊन रुग्णालयांना या गोळ्या ठेवणे सोपे झाले. दुखणे सोसणे हीच भक्ती, असे चर्च शिकवीत नाही. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे. तेथे होली क्रॉस सिस्टर्स असाध्य कॅन्सरच्या रुग्णांची सेवा करतात, वेदना कमी करणे हेच तेथले मुख्य काम.

फादर तेल घेऊन आले म्हणजे शेवट आला, असेही आपल्यात समजतात आणि म्हणून निरोप फार उशिरा देतात. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग केवळ मरणाच्या दारातील माणसासाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन सभेने (१९६२-६५) स्पष्ट केले. याकोबाच्या पत्रातही मंडळीच्या वडिलांना बोलावण्याचा सल्ला आजाऱ्यालाच दिलेला आहे. म्हणजे तो शुद्धीवर आहे, बोलू शकतो. आजार बळावला तर हा संस्कार पुन्हाही घेता येतो.

भेटायला जाणाऱ्यांनी आधी फोन करावा, पंधरा मिनिटे बसावे. अमक्याचे काय झाले त्या कहाण्या सांगू नयेत. जमल्यास डबा न्यावा, आणि जी सून किंवा बायको रात्रंदिवस उशाशी बसलेली आहे तिला दोन तास झोपू द्यावे.