बुरशी आणि खाणीची माती



विज्ञानाच्या हिंदी पुस्तकात ज्याला 'कवक' म्हटले आहे, ती म्हणजे आपली घरातली बुरशी. शिळ्या पोळीवर दिसली की आई पोळी टाकून देते. परंतु याच वर्गातील काही जीव खाणीमुळे ओसाड झालेल्या जमिनीवर पुन्हा झाडे उभी करण्यास मदत करतात. ते कसे, हे या पाठात पाहू.

खाणीतून खनिज काढताना वरची माती व दगड बाजूला टाकतात. त्यांचे ढिगारे डोंगराएवढे होतात. त्यात शिसे, जस्त, कॅडमियम, मँगनीज यांसारखे धातू उरतात; झाडांस लागणारे नत्र, स्फुरद व सेंद्रिय पदार्थ मात्र फारच थोडे असतात. झाडोरा नसल्याने वाऱ्याबरोबर धूळ उडते आणि पावसाबरोबर धातू ओढ्यात व शेतात उतरतात.

याचा परिणाम किती भयंकर होतो, हे जपानने पाहिले आहे. कामिओका खाणीतील कॅडमियम जिंझू नदीच्या पाण्यातून भातशेतीत गेले. ते पाणी पिणाऱ्या व तो भात खाणाऱ्या लोकांची हाडे ठिसूळ झाली. रोगाचे नावच पडले 'इताई-इताई', म्हणजे 'दुखते, दुखते'. कॅडमियम हे त्याचे कारण असल्याचे जपान सरकारने १९६८ मध्ये मान्य केले.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पालापाचोळा कुजतो, तेलाचेही जीवाणू विघटन करतात. पण धातू हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही. म्हणून उपाय दोनच : धातू मातीतून काढून घेणे किंवा जागीच बांधून ठेवणे. बुरशी खाणीच्या मातीत मुख्यतः दुसरे काम करते. तिच्या तीन रीती अशा :

१. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते. तिच्यावर धातूंचे आयन चिकटून बसतात.

२. काही बुरशी ऑक्झॅलिक आम्लासारखी द्रव्ये सोडतात. त्यांच्याशी संयोग होऊन काही धातूंचे पाण्यात सहज न विरघळणारे क्षार बनतात. बुरशी शिशाचे पायरोमॉर्फाइट या अतिशय स्थिर खनिजात रूपांतर करू शकते, असे स्कॉटलंडच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविले.

३. मायकोरायझा ही बुरशी झाडाच्या मुळांशी भागीदारी करते. झाड तिला साखर देते. ती दूरवर तंतू पसरून झाडाला स्फुरद व पाणी आणून देते. अनेकदा ती धातूंचा काही भाग स्वतःच्या तंतूंत अडवून धरते. तंतूंमुळे मातीचे कणही एकत्र बांधले जातात.

मात्र कोणतीही बुरशी कोठेही चालत नाही. आम्ल सोडणाऱ्या काही बुरशी उलट धातू विरघळवून मोकळे करतात. म्हणून आधी मातीची परीक्षा, मगच योग्य बुरशीची निवड.

आपल्या जवळचे उदाहरण नागपूर जिल्ह्यातील गुमगाव मँगनीज खाणीचे. तेथील ढिगाऱ्यांवर नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने साखर कारखान्यातील गाळ, म्हणजे प्रेसमड, मिसळला. नत्र स्थिर करणारे जीवाणू आणि मायकोरायझा दिलेली रोपे लावली. उजाड ढिगाऱ्यांवर हिरवळ आली. हे यश एकट्या बुरशीचे नव्हे. गाळ, जीवाणू, बुरशी आणि झाड या चौघांचे आहे.

पालकांस विनंती की, खाणी वा कारखान्यांजवळ उगवलेली भूछत्रे मुळीच खाऊ नयेत. काही जाती कॅडमियमसारखे धातू स्वतःत साठवितात. तसेच जुने सेल व बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नयेत. ते वेगळे गोळा करण्यासाठी शाळेत पेटी ठेवावी, असे आम्ही विश्वस्त मंडळास सुचवीत आहोत. मातीत गेलेला धातू बांधण्यास वर्षे लागतात. तो मातीत जाऊ न देणे आपल्या हाती आहे.

विचार करा व वहीत लिहा :
(१) बुरशीने धातू 'नष्ट केला' असे म्हणणे चूक का?
(२) अशा जमिनीवर भाजीपाला न लावता झाडे का लावावीत?