पाकिटावरची बारीक अक्षरे

मांस टिकविण्याची कला माणसास प्राचीन काळापासून अवगत आहे. मीठ, धूर आणि ऊन ही त्याची साधने होती. गोव्यातील चोरिस आजही मीठ, मिरची व व्हिनेगर यांच्या साहाय्याने टिकवितात. पुढे हे काम कारखान्यांत गेले आणि खाणाऱ्याच्या नजरेआड झाले.

इ. स. १९०६ मध्ये अमेरिकन लेखक अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. शिकागोच्या मांसकारखान्यांतील कामगारांची दैन्यावस्था मांडणे हा तिचा हेतू होता. परंतु वाचक हादरले ते तेथील सडक्या मांसाच्या वर्णनाने. त्याच वर्षी ३० जून रोजी अमेरिकेत मांसतपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा असे दोन कायदे झाले.

आज प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. सॉसेज, नगेट यांसारख्या पदार्थांत अनेकदा स्टार्च, सोयाप्रथिने किंवा ब्रेडचा चुरा मिसळतात. फॉस्फेटमुळे मांसात पाणी धरून राहते. हे पूरक पदार्थ विषारी नसतात. मात्र मांसाचे दाम मोजणारा ग्राहक पीठ आणि पाणीही विकत घेतो. गहू किंवा सोयाबीन ज्यास सोसत नाही, त्याला तर अपायही होऊ शकतो.

सोडियम नायट्राइटची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ते बोट्युलिझम या प्राणघातक विषबाधेच्या जंतूंना रोखते आणि मांसाला गुलाबी रंग देते. परंतु त्यापासून कर्करोगकारक नायट्रोसामाइन तयार होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे तिने नमूद केले. तंबाखूही याच गटात आहे. पण म्हणून दोहोंचा धोका सारखा ठरत नाही. हा गट पुराव्याची खात्री दर्शवितो, धोक्याचे प्रमाण नव्हे.

मग सामान्य माणसाने काय करावे? भारतात वेष्टित अन्नावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. मांसाआधी पाणी किंवा पीठ लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ उघड आहे. ‘२५०’ हा क्रमांक सोडियम नायट्राइटचा असतो. कायद्याने ही माहिती ग्राहकाच्या हाती दिली आहे. तिचा लाभ मात्र वाचणाऱ्यालाच होतो. अक्षरओळखीचे मोल अशा वेळी कळते.

स्वाध्याय
१. ‘द जंगल’ या कादंबरीचा हेतू आणि परिणाम यांत कोणता फरक पडला?
२. नायट्राइटचा एक उपयोग व एक धोका लिहा.
३. घरातील एखाद्या पाकिटावरील पहिले तीन घटक लिहून त्यांच्या क्रमाचा अर्थ सांगा.