'ताई' म्हणायला वेळ नाही

'शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक' असं माझ्या दारावरच्या पाटीवर आहे. पाटी मोठी, काम म्हणजे स्टोअरच्या चाव्या सांभाळणं, एलिजिबिलिटी फॉर्मवर फोटो चिकटवणं आणि मैदानावर घसा बसेपर्यंत ओरडणं. जिल्ह्याच्या गावातल्या एका कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल टीमबरोबर माझी अठरा वर्षं गेली. पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यामुळे मुलगी खेळायला लागली की निघायची वेळ येते. (आता चौथं वर्ष आलंय. बघू.)

एका वर्षी तर सगळ्याच एकदम गेल्या. आदल्या सीझनला आम्ही आंतरविभागीय स्पर्धेपर्यंत धडक मारली होती. पहिल्या पाचातल्या चौघी टी.वाय. होऊन बाहेर पडल्या, पाचवीच्या वडिलांची बदली झाली. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मैदानावर आल्या त्या बेंचवरच्या दोघी आणि नऊ नव्या. सलामीचा सामना सप्टेंबरात. तेव्हा जे कळलं ते लिहिते. मुलींची नावं घालत नाही. त्या आता नोकऱ्यांत, संसारांत आहेत. जर्सीच्या नंबरावर भागवते.

1. गेलेल्यांच्या जर्सी लगेच वाटू नयेत.

पूर्वी बास्केटबॉलमध्ये जर्सीचे नंबर 4 ते 15 एवढेच असत. नियम केव्हाच सैल झाला, पण आमचा सेट त्या काळातला. चार नंबर म्हणजे कॅप्टन, हे कॉलेजात ठरून गेलेलं. नव्या पॉइंट गार्डला ती जर्सी मापात बसली म्हणून मी देऊन टाकली. पोरगी दोन आठवडे आधीच्या चार नंबरसारखी डाव्या हातानं लेअप मारायला बघत होती. तिचा डावा हात तेव्हा वहीसुद्धा धरत नसेल! मी जर्सी परत घेतली आणि कुणीच न मागितलेली 13 नंबरची दिली. दुसऱ्या दिवसापासून ती उजव्या हातानं, स्वतःच्या पद्धतीनं खेळायला लागली.

2. आवाज हा खेळाचा भाग आहे.

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, म्हणून इथेच जास्त लिहिते.

बचाव करताना आपली नजर समोरच्या मुलीवर असते. तेवढ्यात तिची साथीदार येऊन आपल्या बाजूला भिंतीसारखी उभी राहते. याला स्क्रीन म्हणतात. स्क्रीन आपल्याला दिसत नाही, मागच्या मुलीला दिसते. तिनं 'स्क्रीन लेफ्ट!' म्हणून ओरडायचं, गरज पडली तर 'स्विच!' म्हणून माणसं बदलून घ्यायची. हे सगळं अर्ध्या सेकंदात. जुन्या पाचजणी हे न सांगता करायच्या, त्यामुळे ते शिकवावं लागतं हेच मी विसरले होते.

जुलैतला एक दिवस. 13 नंबर एफ.वाय.ची, तिच्या पुढे बचावाला 8 नंबर, एस.वाय.ची. स्क्रीन आली. 13 नंबर म्हणाली, "ताई, तुमच्या मागे ती उभी आहे."

वाक्य पूर्ण झालं तेव्हा समोरच्यांचा लेअप पडून चेंडू नेटमधून खाली आला होता.

मला आधी हसू आलं, मग काळजी वाटली. कारण मुलीचं काय चुकलं? सीनियरला 'ताई' म्हणायचं, 'तुम्ही' म्हणायचं, मोठ्यानं बोलायचं नाही, हे घरानं आणि शाळेनं बारा-पंधरा वर्षं घोटून घेतलेलं. मी ते सहा आठवड्यांत पुसायला निघाले होते.

मी फर्मान काढलं: कोर्टची रेष म्हणजे उंबरठा. बाहेर ताई, आत ताई नाही. परिणाम असा झाला की आत सगळ्या मुक्या झाल्या. 'ताई' काढून घेतल्यावर हाक मारायला त्यांच्याकडे शब्दच उरला नाही. तीन दिवस मैदानावर फक्त बुटांचा आवाज. चौथ्या दिवशी कुणीतरी 8 नंबरला 'ए!' म्हणून हाक मारली आणि 8 नंबर माझ्या खोलीत आली. डोळे भरलेले. "मॅडम, ती मला 'ए' म्हणाली."

तिची समजूत घालताना माझ्या लक्षात आलं की चूक माझी आहे. नुसतं 'हे म्हणू नका' सांगून चालत नाही, काय म्हणायचं ते द्यावं लागतं. मग प्रत्येकीच्या नावातलं एक अक्षर ही तिची कोर्टावरची हाक ठरली. अक्षर स्वतःच निवडायचं, आवडलं नाही तर बदलून घ्यायचं. त्यासाठी एक अख्खी संध्याकाळ हसण्यात गेली. सराव झाला नाही, पण ती संध्याकाळ फुकट गेली असं मी म्हणणार नाही.

त्यानंतर नियम एकच. बचावाचा सराव चालू असताना मी समोरच्या रिंगखाली, म्हणजे कोर्टच्या दुसऱ्या टोकाला उभी राहायचे. कोर्ट 28 मीटर लांब. तिथे मला हाक ऐकू आली नाही तर डाव पहिल्यापासून. कोर्टला लागूनच स्टाफरूम आहे. एका प्राध्यापकांनी शिपायाला पाठवलं, "काही भांडण झालंय का?" त्या दिवशी मी मुलींना उसाचा रस पाजला.

आणि इथेच 11 नंबर सापडली. ती खो-खोतून आलेली, बास्केटबॉलला हात जेमतेम महिनाभर लागलेला. ड्रिबल करताना चेंडू तिच्यापेक्षा पुढे पळायचा. पण आवाज! घरी शेती, या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची सवय. शिवाय खो-खोमध्ये पाठीला हात लावून 'खो' स्पष्ट म्हणावंच लागतं, नाही तर फाऊल. कबड्डीतही दम घेऊन 'कबड्डी, कबड्डी' ऐकू येईल असंच म्हणावं लागतं. आपल्या मातीतल्या दोन्ही खेळांत आवाज नियमाच्या पुस्तकातच आहे. बास्केटबॉलमध्ये तसा नियम नाही, म्हणून आपल्या मुली गप्प राहून खेळू शकतात, आणि हरतात. 11 नंबरला मी पहिल्या पाचात घेतलं ते केवळ तिच्या तोंडासाठी. सहकाऱ्यांनी मला वेड्यात काढलं. अजूनही तो निर्णय बरोबर होता असंच माझं मत आहे.

3. चेंडू मोजून घ्यावा.

मुलींचा चेंडू सहा नंबरचा, मुलांचा सात नंबरचा. सहा नंबर घेरानं लहान आणि वजनानं हलका. आमच्या स्टोअरमध्ये चांगले चेंडू होते ते सगळे सातचे, कारण खरेदीची यादी मुलांच्या टीमवरून बनायची. एकदा मुली महिनाभर सातनं खेळल्या आणि सामन्यात सहा हातात आल्यावर प्रत्येक शॉट बोर्डावर जाऊन आदळला. रिंग मात्र मुलामुलींना सारखीच, 3.05 मीटर. तेव्हापासून यादी मी स्वतः लिहिते.

4. 'सॉरी' सामना संपल्यावर म्हणावं.

नव्या मुलीचा धक्का लागला की ती थांबते, हात जोडते, 'सॉरी' म्हणते. तोवर जिला धक्का लागला ती मुलगी चेंडू घेऊन रिंगखाली पोचलेली असते. पंचांनी शिट्टी वाजवली नसेल तर खेळ चालू असतो, हे सांगून पटत नाही.

हे फक्त आपल्याकडचंच आहे असं मला वाटायचं. मग वाचनात आलं की या खेळाच्या जन्मातच ते आहे. जेम्स नेस्मिथ यांनी 1891 साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डला बास्केटबॉल काढला. जवळच्याच स्मिथ कॉलेजात सेन्डा बेरेन्सन या शिक्षिकेनं तो मुलींना शिकवायला घेतला. मार्च 1893 मध्ये तिथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला, पुरुष प्रेक्षकांना मज्जाव करून. बाईंनी मुलींसाठी नियम मऊ केले होते. कोर्टचे तीन भाग, आपला भाग सोडायचा नाही, आणि दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही! अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये मुली पुरुषांसारख्या पाच-पाच आणि पूर्ण कोर्टभर खेळायला लागल्या त्या थेट 1971 च्या सुमारास. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल 1936 ला आला, बायकांचा 1976 ला. बेरेन्सनबाईंना मी नावं ठेवत नाही. त्या काळात मुलींना धावू दिलं हेच पुष्कळ. पण एवढी वर्षं उलटली तरी आमची 9 नंबर चेंडू हिसकावल्यावर तो परत देते की काय अशी मला धास्ती असायची.

5. शेवाळ.

उघडं सिमेंटचं कोर्ट, ऑगस्टचा पाऊस. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासायचं, दर शनिवारी, सगळ्यांनी. बाकी उपाय मला माहीत नाही.

6. बेंचवर दोन वर्षं बसलेलीला उत्तर द्यावं लागतं.

हे मला जमलं नाही. आदल्या टीममधून उरलेल्या दोघींपैकी 8 नंबर पहिल्या पाचात आली. दुसरी, 6 नंबर, दोन वर्षं टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या देत बसली होती. कधी कुरकुर नाही. या वर्षी आपला नंबर, हे तिनं धरलं होतं, तिच्या आईनंही. तिच्या जागी मी महिनाभर खेळलेल्या 11 नंबरला घेतलं. कारण वर सांगितलंच. पण ते 6 नंबरला मी समोर बसवून सांगितलं नाही. सामन्याच्या सकाळी फळ्यावर पाच नंबर लिहिले, ते तिनं वाचले आणि पाण्याच्या बाटल्या भरायला गेली. सामन्यात दुसऱ्या क्वार्टरला ती उतरली, चांगली खेळली. दिवाळीनंतर सरावाला आली नाही.

आता मी फळ्यावर लिहिण्याआधी, जिला घेतलं नाही तिच्याशी बोलते. आधीच्या संध्याकाळी, दार बंद करून, कारणासकट.

7. पहिली चार मिनिटं कुणाचीच नसतात.

सलामीचा सामना दुसऱ्या तालुक्याच्या कॉलेजात होता. चार मिनिटांत 0-9. नव्या पाचजणी परत जुलैतल्यासारख्या मुक्या. 13 नंबर माझ्याकडे बघत ड्रिबल करत होती. चेंडूकडे नाही, रिंगकडे नाही, माझ्याकडे. पूर्वार्धात दोनच टाइम-आऊट मिळतात, त्यातला एक तिथेच घेतला. मिळतं एक मिनिट. माझ्या डोक्यात तीन मिनिटांचं भाषण तयार होतं. तोंडातून एवढंच निघालं, "मी बोलणार नाही. तुम्ही बोला."

पाच-सात सेकंद कुणीच बोललं नाही. ते फार लांब वाटतात. मग 11 नंबर म्हणाली, "त्यांची ती उंच आहे ना, ती डावीकडे वळतच नाही." 8 नंबर म्हणाली, "मग मी उजवीकडे उभी राहते, मागून कुणीतरी हेल्पला या." 13 नंबर म्हणाली, "मी सांगते ना कोण." शिट्टी झाली.

त्यानंतर कोर्टवर आवाज सुरू झाला. पहिला क्वार्टर 6-13 वर संपला, हाफ-टाइमला 17-21. मागच्या बाकावरचे यजमान कॉलेजचे मुलगे आमच्या हाकांची नक्कल करत होते. मुलींना ते ऐकूच येत नव्हतं.

8. फ्री थ्रोला कुणाचा आवाज लागत नाही.

रेष 4.60 मीटरवर, समोर कुणी नाही, वेळ पाच सेकंद. आम्हाला 17 मिळाले, 6 पडले. एवढं सगळं बोलायला शिकवलं आणि जिथे गप्प उभं राहून एकटीनं टाकायचं तिथेच हात कापला. मी सरावात फ्री थ्रो शेवटी घ्यायचे, उरलेल्या वेळात. आणि वेळ कधी उरायचा नाही. 2017 साली बंगळुरूत महिला आशिया कपच्या दुसऱ्या श्रेणीचा अंतिम सामना भारतानं कझाकस्तानविरुद्ध 75-73 असा जिंकला. फरक दोन गुणांचा, म्हणजे दोन फ्री थ्रो. पुढे भारताची कर्णधार झालेली शिरीन लिमये आमच्या शेजारच्याच पुण्याची, म्हणून मुलींना तिचं भारी कौतुक. मी त्यांना सांगते, कौतुक करा, पण आधी दमलेल्या पायांनी वीस टाका. आता सरावाच्या मध्ये, धाप लागलेली असताना टाकायला लावते.

सामना आम्ही 37-43 असा हरलो. अकरा फ्री थ्रो वाया, हार सहा गुणांची.

परतताना साडेसहाची एसटी मिळाली. गाडीत शिरल्याबरोबर सगळ्या पुन्हा 'ताई'वर आल्या. "ताई, तुम्ही बसा", "ताई, बॅग द्या." मी पुढच्या बाकावर होते. मागून 13 नंबरचा आवाज आला. "ताई, खिडकीशी मी बसते. मला उलटी होते." 8 नंबर उठली आणि तिनं जागा दिली.