टॅब घेण्याआधी पेन हातात घ्या

दहावीचा निकाल लागतो, अकरावीचे अर्ज भरले जातात आणि अकलूजमधल्या कितीतरी घरांत रात्रीच्या जेवणानंतर टॅबचा विषय निघतो. लेक म्हणते, पेननं त्याच्यावर लिहिता येतं, वह्यांचं ओझं राहत नाही. बाबा म्हणतात, घरात मोबाइल आहे की. आई मनातल्या मनात हिशेब करत असते: कॉलेजची फी, क्लासची फी, वेळापूर किंवा माळीनगरहून येणार असेल तर एसटीचा पास. गळीत हंगाम संपून उसाचं बिल जमा झालेलं असतं, पण त्या पैशाला आधीच चार वाटा फुटलेल्या असतात. त्यात ही एवढी मोठी खरेदी. मी गणित शिकवते, म्हणून असेल, पण पालक हा प्रश्न माझ्याकडे घेऊन येतात. "बाई, कुठला घेऊ?"

आई-बाबांनो, कंपनीचं नाव मी शेवटी सांगेन, कदाचित सांगणारही नाही. आधी पेनबद्दल बोलू. तुम्ही टॅब लिहिण्यासाठी घेत असाल तर खरेदी पेनची आहे. टॅब त्या पेनाबरोबर येणारी पाटी आहे. दुकानात मात्र सगळं उलट चालतं. स्क्रीन किती चमकते, कॅमेरा किती मेगापिक्सेल, आवाज कसा घुमतो हे दाखवलं जातं आणि पेनचा विषय बिल करताना निघतो.

लिहिण्याचा आग्रह मी का धरते, ते सांगते. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. मुलं कधी डिजिटल पेननं स्क्रीनवर शब्द लिहीत होती, कधी तोच शब्द कीबोर्डवर टंकत होती. हातानं लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांमधला संवाद कितीतरी जास्त पसरलेला दिसला. हा अभ्यास २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की ती मुलं कागदावर नव्हे, काचेवर लिहीत होती. म्हणजे हाताची ती वळणदार हालचाल काचेवरही कामाला येते. पण त्यांनी मेंदूतल्या लहरी मोजल्या, परीक्षेतले गुण मोजले नाहीत, हेही ध्यानात ठेवा. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी दाखवलं होतं की लॅपटॉपवर नोट्स घेणारी मुलं शिक्षकाचं वाक्य जसंच्या तसं उतरवतात, हातानं लिहिणारी ते स्वतःच्या शब्दांत आटोपशीर करतात आणि समजुतीच्या प्रश्नांत पुढे राहतात. तोच प्रयोग २०१९ मध्ये इतरांनी पुन्हा केला तेव्हा फरक इतका ठळक आला नाही. त्यामुळे टॅब घेतला की गुण वाढतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत उतरवण्याची सवय मात्र मोलाची आहे, आणि ती पेननं लिहिताना टिकते.

आता पेनांचे प्रकार. मोबाइलच्या दुकानात शंभर-दोनशे रुपयांना रबरी टोकाचा पेन मिळतो. तो कुठल्याही टचस्क्रीनवर चालतो, कारण स्क्रीनच्या लेखी ते बोटच असतं. अक्षर जाड येतं आणि तळहात टेकला की तिथेही रेघोट्या उठतात. मूल हात अधांतरी ठेवून लिहायला लागतं आणि पंधरा मिनिटांत मनगट दुखतं. लिहिण्यासाठी हा पेन घेऊ नका.

दुसऱ्या प्रकारच्या पेनात बॅटरी असते. ॲपलची पेन्सिल अशी आहे, शाओमी आणि वनप्लसच्या पेनांचंही तसंच. लिहायला चांगले, पण चार्ज करावे लागतात आणि बहुतेक वेळा वेगळे विकत घ्यावे लागतात. तिसऱ्या प्रकारात पेनाला लिहिण्यासाठी बॅटरीच लागत नाही. जपानच्या वाकोम कंपनीनं १९८० च्या दशकात रुळवलेलं हे तंत्र. स्क्रीनखाली बारीक तारांची जाळी असते, ती चुंबकीय लहर सोडते, पेनातली छोटी गुंडाळी त्याच लहरीवर जागी होऊन उत्तर देते. सॅमसंगचा एस पेन याच तंत्रावर लिहितो आणि त्यांच्या टॅब एस मालिकेतल्या अलीकडच्या बहुतेक टॅबबरोबर तो खोक्यातच मिळतो. आपल्याकडे ऐन परीक्षेच्या उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून चार्जिंग न लागणाऱ्या पेनाकडे माझा कल आहे, हे उघडच सांगते.

इथे सर्वांत जास्त फसगत होते ती एका गोष्टीत. एकाच कंपनीच्या एका टॅबवर पेन चालतो, तिच्याच दुसऱ्या टॅबवर चालत नाही. सॅमसंगच्या टॅब ए नाइनला एस पेन चालत नाही. आयपॅडच्या वेगवेगळ्या पिढ्यांना वेगवेगळ्या पेन्सिली लागतात, आणि ॲपलची पेन्सिल अँड्रॉइड टॅबवर लिहितच नाही. "पेन नंतर घेऊ" म्हणून आज स्वस्तातला टॅब घेतला तर सहा महिन्यांनी त्याला जोडीचा पेनच नसतो. दुकानदाराला एकच विचारा: याच मॉडेलला चालणारा, तळहात टेकून लिहिता येणारा पेन आत्ता दाखवा. दाखवता आला नाही तर तिथून उठा.

पेन हातात आला की तो तुम्ही घेऊ नका, मुलाच्या हातात द्या. दुकानातल्या स्टँडवर उभं राहून कुणी अभ्यास करत नाही. खुर्ची मागून घ्या, टॅब टेबलावर आडवा ठेवा, तळहात टेकवून निदान दहा मिनिटं लिहू द्या. आणि इंग्रजी सही करून सोडू नका, आपल्या अक्षरात लिहायला लावा. देवनागरी पेनची खरी परीक्षा घेते. अक्षर झाल्यावर वर जाऊन शिरोरेघ ओढायची, मग मागे येऊन वेलांटी, रफार, अनुस्वार. संध्या, पृथ्वी, तऱ्हा, कंठ, गर्द असे शब्द भराभर लिहून बघा. हलक्या प्रतीचा पेन असेल तर अनुस्वाराचा ठिपका उमटतच नाही, आणि 'कंठ'चा 'कठ' होतो. गणितात दशांशचिन्हाचं असंच होतं. मग घातांकातला छोटा २, वर्गमूळ, संकलनाचं लांब चिन्ह. शेवटी एक तिरकी रेघ अगदी हळू, पट्टीच्या कडेनं ओढायला सांगा. निकृष्ट पेनची रेघ नागमोडी येते. भूमितीच्या आणि किरणांच्या आकृत्या काढताना ही नागमोड रोज छळते. मूल डावखुरं असेल तर ही परीक्षा दुप्पट वेळ घ्या, कारण त्याचा हात नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरून सरकतो. दाबाच्या ४,०९६ पातळ्या वगैरे आकडे चित्र काढणाऱ्यांसाठी आहेत. नोट्स लिहिणाऱ्याला त्याची गरज नाही, त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

काच गुळगुळीत असते, सुरुवातीला पेन घसरतो. वर लावायची कागदासारखी खरखरीत फिल्म मिळते. तिनं अक्षर सुधारतं, पण पेनचं टोक लवकर झिजतं. सुटी टोकं मिळतात का, हेही विचारून घ्या.

आकाराबद्दल एवढंच. शाळेच्या छोट्या वहीचं, म्हणजे ए-फाइव्ह पानाचं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप साधारण दहा इंच येतं. त्याहून लहान स्क्रीनवर मूल सतत पान मोठं करून, सरकवून लिहीत बसतं आणि अख्खं पान एका नजरेत कधी येत नाही. दहा ते अकरा इंच ठीक. साठवणीला १२८ जीबी पुरे, कारण लिहिलेली पानं जागा खात नाहीत, व्हिडिओ खातात. सिमकार्डाचा टॅब घेऊ नका, मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो. वाचलेले पैसे पेनात घाला. इलेक्ट्रॉनिक शाईच्या स्क्रीनचे, कागदासारखे दिसणारे टॅब डोळ्यांना शांत वाटतात आणि त्यांच्यावर मन भरकटत नाही, पण बहुतेक एकरंगी असतात. जीवशास्त्राच्या आकृत्या काढणाऱ्या मुलाला रंग लागतात. कुठलाही टॅब घ्या, दुरुस्ती कुठे होईल ते आधी विचारा. स्क्रीन फुटल्यावर टॅब सोलापूरला किंवा पुण्याला पाठवावा लागणार असेल तर मधल्या दिवसांत मूल कशावर अभ्यास करणार, हे घेण्याआधी ठरवलेलं बरं.

राज्य सरकारच्या महाज्योती या संस्थेमार्फत इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि इंटरनेट मिळतं. तुमचं मूल त्यात बसत असेल तर अर्ज जरूर भरा. तो टॅब मुख्यतः शिकवणी बघण्यासाठी असतो. त्याला लिहायचा पेन चालतो का, हे मॉडेल बघूनच कळेल. अनेकदा तोच टॅब बघायला आणि वही लिहायला, अशी जोडी सर्वांत चांगली ठरते.

आता माझ्या मनातली सर्वांत मोठी काळजी. बारावीच्या बोर्डाचा पेपर तीन तास कागदावर, शाईच्या पेननं लिहायचा असतो. नीटची परीक्षा आजवर कागदावरच झाली. जेईई आणि सीईटी संगणकावर होतात, पण आकडेमोड कच्च्या कागदावरच करावी लागते. काचेवर लिहिताना चूक झाली की चटकन खोडता येतं. कागदावर ती सोय नाही. दोन वर्षं फक्त टॅबवर लिहिलेला हात बोर्डाच्या तिसऱ्या तासाला थकतो, आणि मनात जुळलेलं उत्तर अर्ध्यावर राहतं. म्हणून माझं सांगणं असं: टॅबवर नोट्स, कागदावर सराव. वर्गातलं, क्लासमधलं, शिक्षकांनी पाठवलेल्या पीडीएफवर लिहायचं ते टॅबवर. उदाहरणं सोडवायची आणि उत्तरं लिहायची ती फुलस्केपवर, घड्याळ लावून. मूल बारावीनंतर पुण्याला इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला गेलं की तिथं नोट्सचा डोंगर असतो. तिथं टॅब खऱ्या अर्थानं उपयोगी पडतो.

कागदावरचा सराव सुटू नये म्हणूनच मला जूनमधली, प्रवेशाच्या वेळची घाई पटत नाही. पहिलं सत्र वहीवर जाऊ द्या. दिवाळीपर्यंत कळतं की शिक्षक पीडीएफ देतात का, मूल जुन्या नोट्स पुन्हा उघडतं का. जे मूल वही उघडत नाही ते टॅबही उघडणार नाही. उघडत असेल तर दिवाळीच्या सुमारास घ्या, तेव्हा सवलतीही असतात.

घेतल्यावर पहिल्या दिवशी मुलासोबत बसून दोन गोष्टी करा. टॅबमध्ये सोय असेल तर अभ्यासाचं वेगळं खातं उघडा आणि त्यात व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम टाकू नका. हे पहारा म्हणून करू नका, त्याच्याशी बोलून करा. सोळा वर्षांच्या मुलाला कारण सांगितलं की ते मान्य करतं. दुसरं, दर महिन्याच्या शेवटी सगळ्या नोट्स पीडीएफ करून गूगल ड्राइव्हवर ठेवायला लावा. काही ॲपमधल्या नोट्स दुसऱ्या कंपनीच्या टॅबवर उघडत नाहीत, आणि टॅब हरवला तर वर्षभराचं लिहिलेलं त्याच्याबरोबर जातं.

आणि ज्यांच्या घरी यंदा हा खर्च झेपणारा नाही, त्यांच्याशी मला वेगळं बोलायचं आहे. कर्ज काढू नका, हप्तेही बांधू नका. लेकरासमोर ओशाळं होण्याचंही कारण नाही. चांगली फुलस्केप वही आणि घरातला मोबाइल एवढ्यावर टॅबचे निम्मे फायदे मिळतात. गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅन करायची सोय फुकट आहे. रात्री अभ्यास संपला की त्या दिवसाची पानं उजेडात धरून स्कॅन करायची, पीडीएफला विषय, धडा आणि तारीख असं नाव द्यायचं आणि विषयाच्या फोल्डरमध्ये टाकायचं. वही ओली झाली तरी नोट्स शाबूत राहतात, एसटीत बसल्या बसल्या वाचता येतात, आणि तापानं घरी राहिलेल्या मैत्रिणीला त्याच रात्री पाठवता येतात. पहिला आठवडा तुम्ही शेजारी बसून मोबाइल धरा, पानं उलटायला मदत करा.